क्लिपलेस पॅडलवर निघणं आणि थांबणं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात आमच्या भागातल्या एका शाळेच्या मैदानावर मी गेली काही वर्षं रविवारी सकाळी नव्या सायकलस्वारांना क्लिपलेस पॅडलची, म्हणजे खास बूट ज्यात अडकतो त्या पॅडलची, सवय करून देते. येणाऱ्यांची वयं वेगळी, सायकली वेगळ्या, पण प्रश्न बहुतेक तेच असतात. चालवण्याबद्दल कुणी फारसं विचारत नाही. भीती असते ती पहिल्या दहा फुटांची आणि शेवटच्या दहा फुटांची. म्हणून इथे त्याबद्दलच जास्त लिहिलं आहे.

नाव 'क्लिपलेस', आणि पाय तर अडकतो. असं कसं?

पूर्वी शर्यतीच्या सायकलच्या पॅडलवर पुढच्या बाजूला एक पिंजरा असायचा आणि त्यावरून चामड्याचा पट्टा. त्या पिंजऱ्याला टो-क्लिप म्हणत. पाय काढायचा तर हात खाली नेऊन पट्टा ढिला करावा लागे. फ्रान्समधली लूक ही कंपनी स्कीइंगचे बूट फळीला धरून ठेवणारी यंत्रणा बनवायची. माणूस पडला की बूट आपोआप सुटावा, हा त्या यंत्रणेचा हेतू. तीच कल्पना त्यांनी १९८४ मध्ये सायकलच्या पॅडलवर आणली, आणि पुढच्याच वर्षी बर्नार इनो या फ्रेंच सायकलपटूने ती पॅडल वापरून टूर द फ्रान्स ही शर्यत जिंकली. पिंजरा गेला, म्हणून नाव पडलं 'क्लिप नसलेलं'. शिमानो या जपानी कंपनीची एसपीडी नावाची पॅडल १९९० मध्ये आली. त्यांची धातूची क्लीट, म्हणजे बुटाखालचा पॅडलमध्ये अडकणारा तुकडा, छोटी असते आणि बुटाच्या तळव्यात खोलगट बसते, त्यामुळे चालताही येतं.

रचना साधी आहे. बुटाखाली क्लीट, पॅडलवर स्प्रिंगचा जबडा. चवडा पुढे सरकवून खाली दाबला की 'टक' आवाज होऊन पाय अडकतो. टाच बाहेरच्या बाजूला, म्हणजे सायकलपासून लांब फिरवली की सुटतो. ओढून तो सहसा सुटत नाही, वरही नाही आणि मागेही नाही. घाबरलेला माणूस नेमका पाय वर ओढतो, आणि सगळा घोळ तिथे होतो.

मला याची खरंच गरज आहे का?

घरापासून ऑफिस पाच किलोमीटर आणि वाटेत बारा सिग्नल असतील तर नाही. साधी रुंद पॅडल आणि चांगल्या तळव्याचे बूट पुरतात. पाय वर ओढून दुप्पट ताकद मिळते असं जे सांगतात, त्यावर माझा विश्वास नाही. ताकद मुख्यतः खाली दाबण्यातूनच येते. फायदा आहे तो वेगळाच. पाय दर फेऱ्याला त्याच जागी राहतो, खड्ड्यातून जाताना पॅडलवरून उडत नाही, जोरात पाय फिरवताना घसरत नाही. दोनशे किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब सायकलफेरी) करायची, घाट चढायचे, तासन्‌तास सीटवर बसायचं, तर हा फरक जाणवतो.

पहिल्यांदा कुठली पॅडल घेऊ?

दोन बोल्टवाली एसपीडी, म्हणजे जिची क्लीट बुटाला दोन बोल्टनी बसते ती. ती दोन्ही बाजूंनी अडकते, त्यामुळे पॅडल उलटं आहे की सुलटं हे बघावं लागत नाही. एका बाजूला सपाट आणि दुसऱ्या बाजूला जबडा असलेली पॅडलही मिळतात, शिमानोची ईएच-५०० त्यातली. शहरात सपाट बाजू वापरायची, गाव मागे पडलं की दुसरी. ज्यांना फार भीती वाटते त्यांना मी हीच सुचवते.

तीन बोल्टवाली रस्त्याची (रोड बाइकची) पॅडल सुरुवातीला नकोत असं माझं स्पष्ट मत आहे. ती एकाच बाजूने अडकतात, क्लीट प्लॅस्टिकची आणि बाहेर आलेली असते, आणि आपल्या फुटपाथच्या गुळगुळीत फरशीवर पाय टेकला की सर्रकन घसरते.

आणखी एक गोष्ट दुकानात कुणी आपणहून सांगत नाही. शिमानोची नेहमीची एसपीडी क्लीट, एसएच-५१, फक्त टाच बाजूला फिरवली की सुटते. एसएच-५६ ही दुसरी क्लीट तिरक्या, वरच्या झटक्यानेही सुटते. घाबरून पाय वाकडातिकडा ओढला तरी ती बहुतेकदा सोडते. नवशिक्याला मी तीच लावायला सांगते. पुढे उभं राहून जोर लावायला लागलात की ती नको तेव्हाही सुटू शकते, तेव्हा बदला.

'तीनदा पडल्याशिवाय येत नाही' म्हणतात. खरं आहे का?

मी पहिली पॅडल घेतली तेव्हा दुकानातल्या माणसानेही मला हेच सांगितलं होतं. "दोन-तीनदा पडाल ताई, मग जमेल." मी ते धरून चालले. तिसऱ्या दिवशी कर्वे रस्त्यावर नळ स्टॉपच्या सिग्नलला, पूर्ण थांबल्यावर, उजवीकडे, म्हणजे रहदारीच्या बाजूला आडवी झाले. मागच्या रिक्षावाल्या काकांनी वेळेवर ब्रेक मारला, स्वतः उतरून माझा बूट पॅडलमधून सोडवला आणि सायकल कडेला लावून दिली. मनगट सहा आठवडे प्लॅस्टरमध्ये होतं. त्यानंतर 'पडणं हा शिकण्याचा भागच आहे' हे वाक्य मला सहन होत नाही. मैदानावर पडणं वेगळं आणि सिग्नलला पडणं वेगळं.

आज मैदानावर येणाऱ्यांपैकी बरेच जण एकदाही न पडता शिकतात. ते माझ्यापेक्षा हुशार असतात असं नाही, त्यांना फक्त क्रम ठाऊक असतो. या पॅडलवरची जवळजवळ प्रत्येक पडझड थांबताना होते आणि तिचं कारण एकच असतं. माणूस आधी ब्रेक दाबतो, वेग संपतो, आणि मग त्याला पायाची आठवण होते. सायकल उभी राहिली की तोल सांभाळायला दीड-दोन सेकंद मिळतात. तेवढ्यात टाच फिरवणं, पाय काढणं आणि टेकवणं नवशिक्याला जमत नाही. म्हणून मी सगळ्यांकडून एकच घोकून घेते: आधी पाय, मग ब्रेक. खालची बहुतेक उत्तरं याच चार शब्दांभोवती फिरतात.

कोणता पाय सोडायचा, डावा की उजवा?

आपल्याकडे डावा. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, फुटपाथ डावीकडे, रहदारी उजवीकडे. पाय टेकायचा, प्रसंगी कलंडायचं, तर ते फुटपाथच्या बाजूला. चेनही उजवीकडे असते, त्यामुळे डाव्या पोटरीला वंगणाचे पट्टे उमटत नाहीत. इंटरनेटवरचे बरेच व्हिडिओ अमेरिकेतले किंवा युरोपातले असतात. तिथे बहुतेक ठिकाणी रहदारी आपल्या उलट, म्हणून काही जण उजवा पाय सोडायला शिकवतात. ते बघून शिकू नका.

याला एक अडचण मात्र आहे. पाणी वाहून जावं म्हणून आपले रस्ते मध्ये उंच आणि कडेला उतरते असतात. म्हणजे तुमचा डावा पाय जिथे टेकणार ती जमीन सायकलच्या चाकांपेक्षा खाली असते. अपेक्षेपेक्षा दोन-तीन इंच खोल. सीटवर बसूनच पाय टेकायला गेलात तर तो हवेत राहतो. शिवाय कडेलाच खडी, वाळू, ओला पाला. म्हणून अगदी गटाराच्या झाकणाजवळ थांबू नका. काठापासून तीन-चार फूट आत, स्वच्छ डांबरावर थांबा.

उजवा पाय सोडायचा सरावही करा, पण महिन्या-दोन महिन्यांनी. आधी एक बाजू अंगवळणी पडू द्या.

मी लहानपणापासून टांग मारून सायकलवर बसतो. ते चालेल का?

नाही, आणि हा प्रश्न पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने विचारावा असा आहे. आपल्यापैकी अनेक जण घरातल्या मोठ्या काळ्या सायकलवर शिकले. डावा पाय पॅडलवर, उजव्या पायाने जमीन ढकलत दोन-चार पावलं, वेग आला की मागून टांग टाकून सीटवर. उतरतानाही तसंच, चालत्या सायकलवर टांग मागे घ्यायची, डाव्या पॅडलवर उभं राहायचं आणि अलगद उतरायचं. फार देखणी पद्धत आहे ती. माझे वडील दूध घेऊन येताना तसंच उतरायचे.

क्लिपलेस पॅडलवर ती घातक ठरते. उतरताना तुमचं सगळं वजन डाव्या पॅडलवर असतं आणि डावा बूट त्यातच अडकलेला. उजवा पाय जमिनीला लागतो, सायकल पुढे जात राहते, आणि डावा पाय तुम्हाला तिच्याबरोबर ओढतो. चालत्या सायकलवर टांग टाकून बसतानाही तोच धोका. तेव्हा नवा नियम असा: सायकल उभी, दोन्ही ब्रेक दाबलेले, टांग टाकून दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं राहायचं, सीटवर बसायचं नाही. मग एक पाय अडकवायचा. उतरताना उलट क्रम. आधी पूर्ण थांबा, दोन्ही पाय सोडवा, मगच टांग काढा.

जुनी सवय सहज जात नाही, विशेषतः घराच्या फाटकापाशी, जिथे अंग आपोआप उतरायला लागतं. फाटकाच्या दहा मीटर अलीकडे एखादी खूण ठरवा आणि तिथे नेहमी थांबून उतरा.

सराव कुठून सुरू करू?

घरातून. सायकल भिंतीला समांतर लावा, उजव्या हाताने भिंत धरा, सीटवर बसा. डावा पाय अडकवा, सोडवा. असं पन्नास वेळा. मग सायकल वळवून उजवा. पहिल्या दहा वेळा पायाकडे बघा, नंतर समोर. टाच किती फिरवली की सुटतं, हे डोळ्यांना नाही, घोट्याला कळलं पाहिजे.

मग मैदान. घट्ट मुरमाचं सपाट मैदान उत्तम. गवतावर पडायला बरं, पण सायकल जड चालते आणि निघताना तोल जातो. पहिले दोन दिवस फक्त उजवा पाय अडकवून चालवा, डावा पॅडलवर नुसता ठेवा, मधल्या तळव्याने. निघा, वीस मीटर जा, थांबा. मैदानावर फक्कीची रेघ मारा किंवा चपला ठेवा आणि बरोबर तिथे थांबायचा प्रयत्न करा. मी एका सकाळी तीस थांबे करायला लावते. कंटाळा येतो, पण तीस थांबे म्हणजे रस्त्यावरचे चार-पाच दिवस.

तिसऱ्या दिवशी दोन्ही पाय. मग सोसायटीचा किंवा वस्तीतला शांत रस्ता. लक्ष्मी रोड, दादर स्टेशन, नाशिकचा शालिमार चौक, हे महिनाभर नको.

निघायचं नेमकं कसं?

गिअर हलका हवा. दांडीच्या दोन्ही बाजूंना पाय, डावा जमिनीवर, ब्रेक दाबलेले. उजवा बूट पॅडलमध्ये अडकवा. आता पाय वर घेत पॅडल उलटं फिरवा आणि उजव्या बाजूने पाहिलं तर घड्याळातला काटा दोनवर असतो तिथे आणा. त्याहून वर ठेवलंत तर जोर लागत नाही, खाली ठेवलंत तर ढकलायला अंतरच उरत नाही.

मागे बघा. रस्ता मोकळा असेल तर समोर दहा-पंधरा मीटरवर नजर ठेवा. ब्रेक सोडा, उजव्या पायावर जिन्याच्या पायरीवर चढावं तसं उभे राहा. त्या एकाच हालचालीत सायकल पुढे सरकते आणि तुम्ही सीटच्या उंचीला येता. मग बसा. बहुतेकांची चूक इथे होते. ते आधी सीटवर चढून बसायला बघतात आणि मग पॅडल दाबतात. उभं राहणं आणि सायकल सुटणं एकाच वेळी झालं पाहिजे.

डाव्या पायाची घाई नको. एक-दोन फेरे उजव्यानेच मारा, डावा पॅडलवर नुसता टेकवा. सायकल चालायच्या वेगापेक्षा जोरात जायला लागली की तोल आपोआप राहतो, मग सावकाश अडकवा.

दुसरा पाय पटकन अडकतच नाही. खाली बघावं लागतं.

खाली बघू नका. मान खाली गेली की हँडल वळतं. नाहीच अडकला तर तळव्याच्या मधल्या भागाने पॅडल मारत चौक पार करा आणि पलीकडे मोकळ्या जागेत पुन्हा प्रयत्न करा. चौकाच्या मधोमध पायाशी झटापट करणं हे पाय न अडकण्यापेक्षा जास्त धोक्याचं आहे.

एका बाजूची रस्त्याची पॅडल असतील तर ती मोकळी सोडल्यावर टोक वर करून लटकतात. बुटाचं टोक त्यात पुढून सरकवायचं आणि मग टाच दाबायची. वरून थेट ठोकून काही होत नाही.

आणि थांबायचं कसं?

समजा चाळीस मीटरवर सिग्नल लाल झाला.

पहिलं काम, गिअर हलका करा. आपल्या नेहमीच्या सायकलींचे गिअर पाय फिरत असतानाच बदलतात, थांबल्यावर नाही. जड गिअरमध्ये थांबलात तर निघताना डगमगणार.

दुसरं, डावा पाय खाली आला की टाच बाहेर फिरवून सोडवा. अजून तुम्ही चांगल्या वेगात आहात, तोलाचा प्रश्नच नाही. सुटलेला पाय पॅडलवर टाचेच्या थोडं पुढे ठेवा, म्हणजे चुकून परत अडकणार नाही. उजव्याने अर्धा फेरा मारून उजवं पॅडल सर्वांत खाली आणा.

तिसरं, आता ब्रेक. दोन्ही, हळूहळू वाढवत.

चौथं, शेवटच्या एक-दोन मीटरमध्ये सीटवरून पुढे उतरा. सगळं वजन खालच्या उजव्या पॅडलवर, अंग दांडीच्या वर. सायकल थांबता थांबता हँडल अगदी किंचित उजवीकडे वळवा. पुढचं चाक उजवीकडे गेलं की सायकल आपोआप डावीकडे, म्हणजे तुमच्या मोकळ्या पायाकडे कलते. डावा पाय जमिनीवर येतो, चवडा आधी.

लिहायला चार परिच्छेद लागले, पण प्रत्यक्षात हे चार-पाच सेकंदांचं काम आहे. पहिल्या आठवड्यात मोठ्याने म्हणा: "गिअर, पाय, ब्रेक, पुढे." मैदानावर आमच्याकडे सगळे म्हणतात, त्यात संकोच वाटण्यासारखं काही नाही.

मी डावा पाय सोडवला होता, तरी उजवीकडे पडले. का?

नळ स्टॉपला माझंही हेच झालं होतं. डावा पाय मोकळा, पण मी सीटवरच बसून राहिले. कडेच्या उताराने पाय जमिनीला पोचला नाही, मी दचकून अंग उलट्या बाजूला घेतलं, आणि उजवा बूट तर अडकलेला. यावर उपाय दोनच. सीटवरून पुढे उतरणं आणि हँडल अडकलेल्या पायाच्या बाजूला किंचित वळवणं. दोन्ही केलंत तर वजन मोकळ्या पायाकडेच जातं.

मग शिकेपर्यंत सीट खाली घेऊ का?

सीटवर बसून पाय टेकता यावा म्हणून सीट खाली घेणं मला पटत नाही. बसल्या बसल्या थांबायची सवय लागते, आणि पुढे सीट योग्य उंचीवर नेली की सगळं पुन्हा शिकावं लागतं. मध्यंतरी गुडघेही कुरकुरतात.

अचानक कुणी आडवं आलं तर 'आधी पाय' कसं जमणार?

तेव्हा ब्रेक आणि टाच एकत्रच. त्याचाही सराव करता येतो. मित्राला मैदानाच्या कडेला उभं करा आणि त्याने कधीही "थांब!" ओरडायचं. हात ब्रेकवर आवळताच टाच बाहेर, दोन्ही एकाच झटक्यात. वीस-पंचवीस वेळा केलं की ते हाताच्या आणि पायाच्या लक्षात राहतं.

त्याआधीची गोष्ट म्हणजे रस्ता वाचणं. पुढची रिक्षा डावीकडे ओढली जातेय, बसथांब्यावर बस थांबलीय, भाजीवाल्याभोवती माणसं आहेत, गल्लीच्या तोंडाशी बॉल उडाला. काहीही संशयास्पद दिसलं की डावा पाय सोडून ठेवा. पुन्हा अडकवायला फक्त एक 'टक' लागते. माझी नवी मंडळी पहिल्या महिन्यात विनाकारण शंभरदा पाय सोडतात आणि मी त्यांना कधीच टोकत नाही.

सिग्नलला दोन्ही पाय सोडू का?

थांबताना एकच. उजवा अडकलेला असेल तर निघताना पहिला जोर खात्रीचा मिळतो. पूर्ण थांबल्यावर, आकडा नव्वद सेकंद दाखवत असेल, तर खुशाल दुसराही सोडून पाय मोकळे करा. दहा सेकंद उरले की उजवा अडकवा आणि दोनच्या काट्यावर आणा.

रांगेत गाड्या इंच-इंच सरकत असतील तर डावा पाय रांग संपेपर्यंत अडकवूच नका.

घाट चढताना मध्येच थांबावं लागलं. परत निघताच येत नाही.

सिंहगड, बोपदेव, कात्रज, सगळीकडे हे होतं. चढावर उजव्या पायाच्या एका दाबात सायकल एवढीच सरकते की दुसरा पाय ठेवायच्या आत थांबते. गिअर सर्वांत हलका करायचा राहून गेला असेल तर मागचं चाक उचलून पॅडल हाताने फिरवा आणि बदला. मागचा ब्रेक दाबून ठेवा, रस्ता दोन्हीकडून मोकळा आहे याची खात्री करा आणि सरळ वर न जाता तिरकं, रस्त्याला आडवं निघा. आडव्या दिशेला चढ कमी होतो, तेवढ्यात दुसरा पाय पॅडलवर येतो. तो अडकला नाही तरी पॅडल मारत राहा. रविवारी गर्दी असते, तेव्हा आडवं जाऊ नका. पुढच्या वळणाच्या बाहेरच्या बाजूला चढ बराच कमी असतो, तिथपर्यंत चालत जा.

चढावर दमून थांबायचं असेल तर निर्णय लवकर घ्या. वेग आधीच चालण्याइतका असतो, त्यामुळे पाय सोडवायला मिळणारा अवधीही कमी.

उतारावर भीती वाटते. एक पाय सोडून उतरू का?

नको. एका पायावर शरीर ढिलं पडतं आणि खड्ड्यात तोल जातो. दोन्ही पाय अडकलेले, दोन्ही पॅडल समान उंचीवर, वेग ताब्यात. थांबायच्या बऱ्याच आधी सोडा.

स्प्रिंग किती घट्ट ठेवायची?

सुरुवातीला सर्वांत ढिली. एसपीडी पॅडलवर छोटा स्क्रू असतो, बहुतेकदा ३ मिलिमीटरच्या ॲलन कीने (षटकोनी टोकाच्या किल्लीने) फिरतो, शेजारी अधिक-उणेच्या खुणा असतात. दोन्ही बाजूंनी अडकणाऱ्या पॅडलवर प्रत्येक बाजूला एक, म्हणजे एका जोडीत चार स्क्रू. लोक दोनच ढिले करतात आणि मग 'कधी सुटतं, कधी सुटत नाही' अशी तक्रार घेऊन येतात. चारही स्क्रू तेवढेच 'टक टक' मोजून फिरवा.

पावसाळ्यात पाय अडकत नाही किंवा सुटत नाही.

चिखल. क्लीटच्या पोकळीत लाल माती आणि बारीक खडी ठासून बसते. पाय टेकलात की निघण्यापूर्वी बूट पॅडलच्या कडेवर दोनदा आपटा. घरी आल्यावर जुन्या टूथब्रशने जबडा आणि क्लीट घासा, पुसा, आणि स्प्रिंगच्या सांध्यांवर चेनच्या तेलाचा एकेक थेंब द्या. जास्त दिलंत तर तेच तेल धूळ धरून ठेवतं. बोल्टच्या डोक्यात अडकलेले खडेही टोकदार काडीने काढा, नाहीतर ऐन वेळी ॲलन की बसत नाही.

गुडघा दुखायला लागलाय.

क्लीटची जागा चुकली असण्याची शक्यता मोठी. चवड्याचा फुगीर भाग पॅडलच्या दांड्याच्या वर किंवा किंचित पुढे यावा, आणि पाय नैसर्गिकपणे जेवढा बाहेर किंवा आत वळतो तेवढाच क्लीटवरही वळलेला असावा. टेबलावर बसून पाय मोकळे सोडा, ते कसे लोंबतात बघा, त्यावरून कोन कळतो. पाय अडकल्यावरही टाचेला थोडी हलायला जागा लागते. शिमानोच्या तीन बोल्टवाल्या क्लीटमध्ये पिवळीत ती सुमारे ६ अंश असते, निळीत २ आणि लाल क्लीटमध्ये मुळीच नाही. लाल घेऊ नका. दोन आठवड्यांत फरक पडला नाही तर डॉक्टरांना दाखवा, दुखणं दाबून चालवू नका.

तोल गेलाच, आता पडणार हे कळलं. काय करू?

हँडल सोडू नका. जमिनीकडे पुढे केलेला हात मनगट किंवा गळपट्टीचं हाड मोडून घेतो. हात हँडलवर, कोपर जवळ, हनुवटी छातीकडे, आणि दंड व नितंबावर भार येऊ द्या. उभ्या उभ्या पडलेल्याला असं सहसा खरचटण्यापलीकडे होत नाही. हेल्मेट आणि हातमोजे मैदानावरही हवेतच.

माझं वय अठ्ठावन्न आहे. फार उशीर झाला का?

नाही. मागच्या वर्षी एकसष्ट वर्षांच्या काकू शिकल्या. हाडं ठिसूळ असल्याचं निदान झालं असेल, किंवा मधुमेहामुळे तळव्याची जाणीव कमी झाली असेल, तर आधी डॉक्टरांशी बोला आणि साधी पॅडलच वापरायचा विचार गांभीर्याने करा. पाय सुटला की नाही हे तळव्याला कळणं इथे फार महत्त्वाचं आहे.

डावं पॅडल पान्याने निघतच नाही.

डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात. पाना वर उभा धरून सायकलच्या पुढच्या दिशेला फिरवलात तर दोन्ही बाजूंची पॅडल घट्ट होतात, मागच्या दिशेला फिरवलात तर ढिली. बसवताना आट्यांना ग्रीस लावा.

टाच पूर्ण फिरते, पण पाय सुटत नाही!

हे वाचणाऱ्या प्रत्येकाने आजच बूट उलटा करून बघावा. क्लीटचा एक बोल्ट ढिला झाला किंवा पडला की बूट फिरतो आणि क्लीट जबड्यात जागच्या जागी राहते. कितीही टाच फिरवा, जबडा उघडणार नाही. दोन्ही बोल्ट नीट घट्ट असतील तर हा प्रसंग येत नाही. शिमानो ५ ते ६ न्यूटन-मीटर इतकं आवळायला सांगते. टॉर्क पाना (किती आवळलं ते मोजणारा) नसेल तर ४ मिलिमीटरच्या छोट्या ॲलन कीने मनगटाच्या जोरावर चांगलं आवळा. आट्यांना थोडं ग्रीस लावा, पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर पुन्हा तपासा, मग दर आठवड्याला.

रस्त्यात झालंच तर घाबरून थांबू नका. तुम्ही चालत आहात तोवर तोल आहे. दुसरा पाय सोडवा, त्या बाजूला खांब, कठडा किंवा उंच फुटपाथ शोधा, तिथे हात किंवा पाय टेकून थांबा. मग अडकलेल्या बुटाचे पट्टे उघडा आणि पाय बुटातून बाहेर काढा. बूट पॅडललाच राहू द्या, खाली बसून दोन्ही हातांनी तो काढता येतो. सीटखालच्या पिशवीत क्लीटचा एक जादा बोल्ट आणि ४ मिलिमीटरची ॲलन की ठेवा. दोन्ही मिळून वजन अगदीच थोडं होतं.